टेबलाला चाकं हवीत, पण पायही हवेत

मलकापूर

चि. भाचेराव,

तू पाठवलेला चाकांचा फोटो पाहिला. लाल रंगाची, ४ इंची, चारही ब्रेकवाली, खोक्यावर ठळक अक्षरात '१५० किलो'. खाली तुझा प्रश्न, 'मामा, हीच घेऊ की नायलॉनची?' फोनवरच उत्तर दिलं असतं, पण फोनवर ऐकलेले आकडे दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि मला तुला आकडेच सांगायचे आहेत. म्हणून हे पत्र. शेडमध्ये खिळ्याला अडकवून ठेव. तेलकट झालं तरी चालेल.

निकाल आधी सांगतो, कारणं मागून. ही चाकं घेऊ नकोस. चाकं ६ इंची घे, बिडाच्या गाभ्यावर पीयू (पॉलियुरेथेन) चढवलेली, एकेकाची क्षमता निदान २५० किलो. आणि टेबल कामाच्या वेळी त्या चाकांवर उभंच करायचं नाही. त्याला चार पाय वेगळे द्यायचे. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. चाकं ४ इंची की ५ इंची, नायलॉनची की पीयूची, यावर दुकानात तासभर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. टेबल दिवसात किती वेळ फिरणार आणि किती वेळ उभं राहणार, हे मात्र कुणी विचारत नाही. तुझं टेबल सकाळी शटरजवळ ओढशील, संध्याकाळी भिंतीला लावशील. एवढं फिरणं झालं की उरलेला सगळा दिवस ते उभं राहणार. त्यावर तू हातोडा मारणार, वाइसमध्ये पाइप पिळणार, ग्राइंडर चालवणार. त्या वेळी चाक हे टेबलाचं वैगुण्य असतं.

दसरखेडच्या एमआयडीसीत तू भाड्यानं घेतलेलं शेड मी पाहून आलो. पाणसळ, दोरी आणि फूटपट्टी घेऊन गेलो होतो. वॉचमन माझ्याकडे बघत होता, म्हाताऱ्याला काय सापडतंय म्हणून. सापडलं ते असं. कोबा दोन ठिकाणी खचला आहे. मधोमध एक लांब भेग आहे, तिच्या एका कडेला दुसऱ्या कडेपेक्षा बोटाच्या जाडीएवढा, म्हणजे १० मिलिमीटरचा उंचवटा आला आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीचा हा नेहमीचा खेळ. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, वैशाखात आकसून फाटते, आणि वरचा कोबा तिच्याबरोबर वरखाली होतो. कोबा घालण्याआधी ती माती खोलवर काढून मुरूम दाबून भरायला हवा होता. ज्यानं कुणी शेड बांधलं त्यानं तेवढे कष्ट घेतलेले दिसत नाहीत. शिवाय धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून शटरकडे ढाळ दिलेला आहे, ३ मीटरला ५ सेंटीमीटर. डोळ्यांना तो दिसत नाही, चाकांना दिसतो.

आता उंचवट्याचा हिशेब कर. चाक उंचवट्याला जाऊन टेकलं की त्याला उचलून वर न्यायला जो आडवा जोर लागतो, तो चाकाच्या व्यासावर ठरतो. १० मिलिमीटरचा उंचवटा चढताना ४ इंची चाकाला, त्याच्यावर जेवढं वजन आहे त्याच्या तीन-चतुर्थांश जोर लागतो. ५ इंची असेल तर शंभरात पासष्ट, ६ इंची असेल तर शंभरात अठ्ठावन्न. तुझं रिकामं टेबल अडीचशे किलोचं धरलं आणि पुढची दोन चाकं एकदमच उंचवट्याला लागली, तर ४ इंची चाकांना नव्वद किलोच्या वर रेटा द्यावा लागेल, ६ इंचींना बहात्तर-त्र्याहत्तर. बहात्तरही थोडं नाही. पण दोन पोरं खांदा लावून ते ढकलतील. नव्वदला ती टेबल तिरकं करून उचलू बघतील, आणि बोटं तिथेच सापडतात. पटत नसेल तर तुझा तो मित्र कोलते कॉलेजात मेकॅनिकल शिकतो ना, त्याला बसव हिशेबाला. (डॉ. वि. भि. कोलते आपल्याच तालुक्यातल्या नरवेलचे, महानुभाव वाङ्मयाचे गाढे अभ्यासक. त्यांच्या नावाचं कॉलेज इंजिनियरिंगचं निघालं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.)

म्हणजे चाकांच्या आधी कोबा. भेग छन्नीनं जरा रुंद करून, झाडून, ओली करून सिमेंट-वाळूनं भर, आणि वर आलेली कड घासून उतरती कर. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फाटेल, पुन्हा भरायची. मालकाकडून करून घेता आलं तर उत्तमच, पण त्याची वाट बघत बसू नकोस.

वजनाचं म्हणशील तर खोक्यावरचे १५० गुणिले ४ म्हणजे ६०० किलो, असा हिशेब तू मनात केला असणार. सगळेच करतात. तसा करायचा नसतो. सपाट नसलेल्या जमिनीवर चार चाकांचं टेबल उभं केलं की बहुतेक वेळा तीनच चाकं वजन घेतात आणि चौथं नुसतं हजेरी लावतं. म्हणून एकूण वजनाला तिनानं भागायचं. आणि एकूण वजन म्हणजे काय, तेही कागदावर मांड. १ मिलिमीटर जाडीचा १ चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो, हा आकडा पाठ कर, जन्मभर उपयोगी पडेल. तुला ६ फूट बाय ३ फूट, १० मिलिमीटरची प्लेट घालायची आहे. ती एकटीच १३१ किलोची. खाली ५० बाय ५० बाय ६ चा अँगल, मीटरला साडेचार किलो. वरची चौकट, खालची चौकट, पाय आणि दोन आडव्या धरून पंधरा मीटरच्या आसपास लागेल, म्हणजे सत्तर किलो. खालच्या फळीला २ मिलिमीटरचा पत्रा, सव्वीस किलो. ६ इंची वाइस वीसच्या वर. चाकं, बोल्ट, प्लेटा वेगळ्या. टेबल रिकामंच अडीचशेच्या पुढे गेलं. खालच्या फळीवर ग्राइंडर, ड्रिल, साखळ्या, भंगारातून 'कधीतरी लागेल' म्हणून उचललेले तुकडे, असे शंभर किलो सहज जमतील. मी तुला ओळखतो. वर काम येईल ते अडीचशे किलोचं धर. जिनिंगवाल्यांचा एखादा गिअरबॉक्स, थ्रेशरचा शाफ्ट, ट्रॉलीचा अर्धा सांगाडा. झाले सहाशे. भागिले तीन, दोनशे. म्हणजे जिथे तू एकेका चाकाला १५० देतो आहेस, तिथे त्याच्यावर रुईच्या एका गाठीहून जास्त भार येणार आहे. गाठ १७० किलोची असते आणि ती हलवायला हमालांना काय पडतं, ते तू सीझनमध्ये पाहिलं आहेस.

त्यात खोक्यावरची क्षमता गुळगुळीत जमिनीवर माणसाच्या चालीनं सावकाश ढकलताना असते. चेन ब्लॉकवरून गिअरबॉक्स जरा धपकन टेकला की त्या क्षणी दुप्पट भार. म्हणून दोनशेला दोनशेचं चाक घ्यायचं नाही, अडीचशे ते तीनशेचं घ्यायचं. दुकानदाराला स्पष्ट विचार, लिहिलेला आकडा एका चाकाचा की चारांच्या सेटचा? काही खोक्यांवर सेटचा असतो आणि ते बारीक अक्षरात असतं.

चाक कशाचं, हा तुझा खरा प्रश्न होता. कडक चाक कडक जमिनीवर हलकं फिरतं, ही गोष्ट आमच्या पिढीनं रेल्वेकडून शिकली. मुंबईहून निघालेली जीआयपीची लाइन मलकापूरवरून पुढे जात १८६७ साली नागपूरला पोचली. त्या लाइनीवर भरलेल्या वाघिणी चार-सहा माणसं पहारींनी रेटत धक्क्याला लावायची, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लोखंडाचं चाक, लोखंडाचा रूळ, दोन्ही दबत नाहीत, म्हणून जोर वाया जात नाही. त्या न्यायानं बिडाचं किंवा नायलॉनचं चाक सर्वांत हलकं चालेल, हे खरं. पण तुझ्या शेडमध्ये रूळ नाहीत, कोबा आहे, आणि त्याला ढाळ आहे. सहाशे किलोचं टेबल त्या ढाळावर दहा किलोच्या जोरानं शटरकडे ओढलं जातं. कडक चाकाला थांबवून धरायला तेवढं घर्षण नसतं. ब्रेक लागला तरी धक्क्यानं नायलॉन कोब्यावर घसरू शकतं. पीयूचं चाक किंचित दबतं, चिकटून राहतं, ब्रेक धरतं. ढकलताना थोडं जड जाईल, जाऊ दे. बिडाचं चाक ठिणग्यांना, गरम स्लॅगला भीत नाही, हा त्याचा मोठा गुण, पण कोबा दोन वर्षांत कुरतडून ठेवेल आणि आवाजानं शेजारचा भांडायला येईल. रबराचं काळं चाक या वजनाला नको. ते बसतं, कायमचं चपटं होतं.

पीयूलाही दोन खोडी आहेत. ड्रिलचा कीस त्यात रुततो, आणि भार घेऊन महिनोन्‌महिने एकाच जागी उभं राहिलं तर तेही थोडं चपटं पडतं. पहिलीवर उपाय झाडू. टेबल हलवायच्या आधी वाट झाडायची, त्याला पर्याय नाही. दुसरीवर उपाय मी वर सांगितला तोच, टेबल चाकांवर उभं ठेवायचं नाही.

ते पाय असे कर. अँगलच्या प्रत्येक पायाच्या आतल्या बाजूला, चाकाला अडणार नाही अशा जागी, एम-२० चा नट ब्रॅकेट देऊन वेल्ड कर. त्यातून लांब, पूर्ण आटे असलेला एम-२० बोल्ट, डोकं खाली. त्याच्याखाली ७५ मिलिमीटर चौरस, ६ मिलिमीटर जाड प्लेटचा तुकडा सरकवायचा, म्हणजे कोब्यात खड्डा पडणार नाही. या बोल्टला ३० नंबरचा पाना लागतो. तो पाना टेबलालाच साखळीनं बांध, नाहीतर रोज शोधत बसशील. बोल्टचा एक फेरा अडीच मिलिमीटरचा. बोल्ट प्लेटला टेकल्यावर पुढचे दोन-तीन फेरे दिले की चाक मोकळं होतं, हातानं गरगर फिरतं. चारही कोपरे असे कर, वर पाणसळ ठेव आणि बारीक फेरे देत प्लेट समपातळीत आण. याचा आणखी एक फायदा असा की चौकटीला पीळ बसत नाही. खचलेल्या कोब्यावर चार चाकांवर उभ्या टेबलाची प्लेट नकळत पिळते, त्यावर टॅक मारलेलं गेट सोडवल्यावर वाकडं निघतं, आणि माणूस वेल्डिंगला दोष देतो. पायडल दाबून चाकं एकदम वर उचलणारी यंत्रणाही करता येते. छान असते. पण ती पुढच्या वर्षी, हाती काम कमी असताना कर. आत्ता बोल्ट.

बोल्ट असल्यामुळे ब्रेकवरचा खर्च कमी होतो. फिक्स चाक, मूव्हिंग चाक आणि ब्रेकवालं मूव्हिंग अशा तीन भावांची चाकं असतात. चारही ब्रेकची घेण्याचं कारण नाही. तुझी जागा अरुंद, टेबल आडवंही सरकवावं लागेल, म्हणून चारही मूव्हिंग घे आणि त्यांतली दोन ब्रेकची, तू जिथे उभा राहतोस त्या लांब बाजूला. पण ब्रेक दाबून दुकानातच बघ. काही ब्रेक फक्त चाक धरतात, वरची मान फिरतीच राहते. असं टेबल ब्रेक लावूनही दोन-तीन सेंटीमीटर इकडेतिकडे डुलतं. चाक आणि मान दोन्ही एकदम आवळणारा ब्रेक माग, थोडा महाग पडतो.

मूव्हिंग चाकाची एक गोष्ट मात्र नीट समजून घे, कारण ती धोक्याची आहे. त्याचा कणा मानेच्या बरोबर खाली नसतो, तीन-चार सेंटीमीटर मागे असतो. म्हणून तर ते ढकलू त्या दिशेला वळतं. टेबल एका बाजूला ढकलून मग उलट ढकललं की चारही चाकं गर्रकन अर्धा फेरा घेतात, आणि ती टेबलाच्या आत वळली की टेबलाचा आधार तेवढा अरुंद होतो. उमेदवारीच्या काळात एका कारखान्यात मी हे पाहिलं. अरुंद, उंच टेबल, कडेला जड वाइस, खालची फळी रिकामी. दोघं ते आडवं ढकलत होते, चाकं आत वळली आणि टेबल वाइसच्या बाजूला झोपलं. एकाचा पाय खाली सापडला. तो वाचला, पण पुढे फिटरचं काम त्याला जमलं नाही. म्हणून चाकं कोपऱ्यांच्या जितकी बाहेर नेता येतील तितकी ने, जड सामान खालच्या फळीवर ठेव, आणि टेबल हलवताना वर काम ठेवू नकोस. घाई असली तरी.

वाइस बाहेर लटकता नको, पायाच्या वरच बसव. तिच्या जबड्याची वरची कड तुझ्या कोपराच्या उंचीला यायला हवी, हा फिटरांचा जुना नेम आहे आणि तो कंबर वाचवतो. टेबलाची उंची ९०० मिलिमीटर धर. वरची प्लेट १०, ६ इंची चाक मानेसकट साधारण १९०, चाकावरची प्लेट १०. म्हणजे अँगलचे पाय ६९० चे कापायचे. पण अँगल कापण्याआधी चाकं हातात घेऊन मोज. प्रत्येक कंपनीची उंची थोडी वेगळी असते.

चाक पायाला सरळ वेल्ड करणारे लोक आहेत. तू करू नकोस. उष्णतेनं मानेतलं ग्रीस जळतं, गोळ्यांची वाट नरम पडते, गॅल्वनाइज्ड असेल तर जस्ताचा धूर छातीत जातो, आणि उद्या चाक बदलायचं तर गॅसनं कापावं लागतं. पायाला १० मिलिमीटरची प्लेट वेल्ड कर, भोकं पाड, चाक बोल्टनं आवळ, खाली स्प्रिंग वायसर किंवा नायलॉक नट घाल. आणि वेल्डिंग मशीनचा अर्थ नेहमी कामालाच किंवा टेबलाच्या प्लेटलाच लाव. शेडच्या खांबाला अर्थ लावून टेबलावर वेल्डिंग केलंस तर करंट वाट शोधत बिडाच्या चाकांतून, बेअरिंगमधून जाईल आणि गोळ्यांना खड्डे पाडेल. पीयूची चाकं असली तर ठिणगीच धरणार नाही, आणि तू मशीन बिघडलं म्हणून खोलून बसशील.

राहिली आपल्या गावची खास व्याधी. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की हवेत कापसाचे तंतू उडतात. दुकानात, दाढीत, चहात, सगळीकडे. ते चाकाच्या कण्याला गुंडाळले जातात, ग्रीस शोषून घेतात आणि घट्ट दोरी होऊन बसतात. मग चाक फिरत नाही, घसटत जातं आणि एका जागी झिजतं. कापड गिरण्यांच्या ट्रॉल्यांना यासाठी चाकाच्या दोन्ही बाजूंना चकती असते, थ्रेड गार्ड म्हणतात. ती असलेली चाकं मिळाली तर घे. नाही मिळाली तर सीझनमध्ये महिन्यातून एकदा बोल्टवर टेबल उचल, कण्याभोवतीचे तंतू ब्लेडनं काप आणि ग्रीस दे. मानेला ग्रीस निपल असलेलंच चाक घे. गोळ्यांच्या दोन ओळी असलेली मान हवी. एका ओळीची इतक्या वजनाला ढिली होते.

जळगाव-अकोल्याच्या जुन्या बाजारात अशी चाकं स्वस्त मिळतात, कारखान्यांच्या मोडीतली. घ्यायला हरकत नाही, पण चाक उलटं धरून मान हलवून बघ. खडखडली तर ठेवून दे. पीयूच्या कडेला नख लाव, ते गाभ्यापासून सुटलेलं असेल तर उचलून येईल. जुनं पीयू आतून भुसभुशीत होतं आणि वरून दिसत नाही. चार चाकं एकाच उंचीची असायला हवीत. तीन एका गाडीची आणि एक दुसऱ्या गाडीचं असा जुगाड बोल्टवरही पुरा पडत नाही.

एरण मात्र या टेबलावर आणू नकोस. तिला लाकडाचा ओंडका जमिनीत गाडून दे, मी बाभळीचा बघून ठेवला आहे.

तेव्हा पहिल्यांदा भेग भर, ती सुकू दे. मग अँगल आण. ती लाल चाकं एव्हाना घेऊनच बसला असशील आणि दुकानदारानं पैसे परत दिले नाहीत, तर ती ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या ट्रॉलीला लाव, तिथे ती शोभतील. आणि बोल्टांसाठी नट वेल्ड करण्याआधी मला बोलाव, चारही एका पातळीत लागतात की नाही ते मी दोरी लावून बघेन.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
मामा